नोकरी का गेली, ते आधी सिद्ध करा

परदेशातून स्वस्त माल आला की फायदा सगळ्यांचा होतो, पण थोडाथोडा. टॉवेल दोन डॉलरनं स्वस्त झाला तर गिऱ्हाइकाला ते जाणवतही नाही. तोटा मात्र मोजक्याच लोकांच्या वाट्याला येतो आणि एकदम येतो. टॉवेल विणणारी गिरणी बंद पडते, पगार थांबतो, आणि गाव सोडून जायचं म्हटलं तरी घर विकलं जात नाही, कारण ते विकत घेऊ शकणारे लोकही त्याच गिरणीत कामाला होते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात यावर तोडगा आहे. ज्यांचा फायदा झाला त्यांच्याकडून थोडं काढून ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यावं, तरीही देश एकूण नफ्यातच राहतो. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. पण द्यायचं कुणाला, किती, कशाच्या पुराव्यावर? अमेरिकेनं याचं उत्तर म्हणून १९६२ साली एक योजना काढली. तिचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, बोलण्यात टीएए. ती साठ वर्षं चालली, अनेकदा बदलली, आणि १ जुलै २०२२ पासून तिच्यात नवे अर्ज मंजूर होणं बंद झालं.

तिला कुणी कामगारांचा आधार म्हणतं, कुणी पैशाची नासाडी. मला विचाराल तर तिची ताकद आणि तिचं दुखणं एकाच जागी आहे. माणूस दारात आला की ही योजना त्याला सगळ्यात आधी विचारायची, ‘नोकरी का गेली?’ पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरायचं.

मतांसाठी झालेला सौदा

कल्पना मुळात एका कामगार पुढाऱ्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आयात शुल्क कमी करत चालली होती. परदेश व्यापाराचं धोरण काय असावं, यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात रँडल आयोग बसला. पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड त्या आयोगाचे सदस्य होते. १९५४ साली त्यांनी मांडलं की शुल्क कमी करायला आमची हरकत नाही, पण त्यात ज्यांची रोजी जाईल त्यांचा भार सरकारनं उचलावा. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही.

आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना त्याच कल्पनेची गरज पडली. युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन सामायिक बाजारपेठ उभी केली होती आणि तिच्या भिंतीबाहेर राहणं अमेरिकेला परवडणारं नव्हतं. केनेडींना शुल्क निम्म्यापर्यंत कमी करण्याचा अधिकार काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, हवा होता. त्यासाठी मतं हवी होती, आणि मतांसाठी युनियनांचा पाठिंबा. देशाच्या धोरणाखातर शुल्क वाढवायचं नाही असं ठरतं, तेव्हा त्याचा सगळा फटका मोजक्या कामगारांनी आणि कंपन्यांनी सोसावा हे बरोबर नाही, त्यातला काही भार केंद्र सरकारनं घ्यायला हवा, अशी मांडणी त्यांनी काँग्रेसपुढे केली. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात टीएए आली ती अशी.

आणि मग सात वर्षं एकाही कामगाराला एक पैसा मिळाला नाही.

हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. कायद्यात दोन कड्या जोडून दाखवायच्या होत्या. आयात वाढली ती मुख्यतः शुल्क कमी केल्यामुळे, ही पहिली. नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळे, ही दुसरी. आता कुठलाही कारखाना एका कारणानं बंद पडत नसतो. यंत्रं जुनी झालेली असतात, मालक थकलेला असतो, फॅशन बदललेली असते, मंदी आलेली असते. त्यात अमुक साली कमी केलेलं अमुक टक्के शुल्क हेच मुख्य कारण, हे तपासनिसांना पटवणं जवळजवळ अशक्य होतं. युनियनवाले या मदतीला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणू लागले, म्हणजे माणूस वाचवायला काही नाही, गेल्यावर फुलांचा खर्च तेवढा मिळणार. चिडून म्हणत होते, पण तोवर फुलांचा खर्चही मिळत नव्हता.

१९७४ च्या व्यापार कायद्यानं अट सैल केली. हा कायदाही सरकारला नव्या व्यापार वाटाघाटींचा अधिकार देण्यासाठीच होता, म्हणजे पुन्हा तोच सौदा. शुल्काची कडी काढून टाकली. आयात हे सर्वांत मोठं कारण असायची गरज उरली नाही, ‘महत्त्वाचा हातभार’ असला तरी पुरे. निकाल देण्याचं काम कामगार खात्याकडे आलं.

मग योजना एकदम दुसऱ्या टोकाला गेली. १९७९ मध्ये पेट्रोल महागलं, लोक छोट्या जपानी गाड्या घेऊ लागले, आणि अमेरिकन मोटार कारखान्यांत सरसकट कपात झाली. १९८० या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कामगारांना टीएएचे पैसे मिळाले आणि खर्च १.६ अब्ज डॉलरच्या घरात गेला. तेव्हा बेकारी भत्त्याच्या वर आणखी रक्कम मिळायची. त्यातले बरेच जण तात्पुरते कमी केलेले होते, पुन्हा त्याच कारखान्यात जाणारे. सरकारी कारभार इतका संथ की कित्येकांना चेक मिळाला तो कामावर परतल्यानंतर. रेगन सरकारच्या हातात हे आयतंच कोलीत होतं. १९८१ मध्ये वरची रक्कम गेली, आधी नेहमीचा बेकारी भत्ता संपवा मग याच्याकडे या, असा नियम झाला. १९८८ मध्ये आणखी एक वळण आलं. भत्ता हवा असेल तर नवं काहीतरी शिकायलाच हवं, अशी अट घातली गेली, आणि नुकसानभरपाई म्हणून सुरू झालेली योजना प्रशिक्षणाची योजना झाली.

अर्ज कुठे अडायचा

अर्ज करणं सोपं होतं, हे मान्य करायला हवं. एकाच ठिकाणचे तीन कामगार मिळून करू शकत. युनियन करू शके, कंपनी स्वतः करू शके, राज्याच्या रोजगार केंद्राचा माणूसही करू शके. वकील लागत नसे, फी नसे. अट एवढीच की नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत करायचा. निर्णय एकेका माणसाचा होत नसे, त्या कारखान्यातल्या अख्ख्या गटाचा होई. मंजुरी मिळाली की अर्जाच्या तारखेआधीच्या एक वर्षापासून मंजुरीनंतरच्या दोन वर्षांपर्यंत तिथून ज्यांना ज्यांना कमी केलं, ते सगळे त्यात धरले जात. सही तिघांची आणि लाभ दोन हजारांना, असंही व्हायचं.

खरी गंमत पुढे. कामगार खात्याच्या तपास अधिकाऱ्याला दोन गोष्टी शोधायच्या असत. एक, कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलं का. दोन, त्याच प्रकारच्या मालाची आयात वाढली आणि त्यामुळे घट झाली का. यासाठी तो कंपनीला प्रश्नावली पाठवी: गेल्या दोन वर्षांत किती बनवलं, किती विकलं, किती माणसं होती, तुम्ही स्वतः बाहेरून काही मागवता का. मग कंपनीच्या मोठ्या गिऱ्हाइकांना दुसरी प्रश्नावली जाई: यांच्याकडून किती घेत होतात, आता किती घेता, आणि उरलेलं देशातून घेता की परदेशातून?

म्हणजे पुरावा होता कुणाकडे? बंद पडलेल्या कंपनीकडे आणि तिला सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांकडे. ज्याची नोकरी गेली त्याच्याकडे नव्हता. यंत्रावर उभ्या माणसाला आपला माल कोणत्या साखळी दुकानाकडे जातो हे माहीत असतं, पण त्या दुकानानं पुढच्या वर्षीची ऑर्डर कुणाला दिली हे त्याला कसं कळणार? कंपनीत कागद भरायला कुणी उरलेलं नसे. गिऱ्हाइकांना उत्तर देऊन काही मिळणार नसे. कागद सक्तीनं मागवण्याचा अधिकार खात्याला होता, पण निकालासाठी मुदत चाळीस दिवसांची आणि फायलींचा ढीग टेबलावर. उत्तर नाही आलं तर अर्ज फेटाळणं सोपं पडे. त्यावर न्यूयॉर्कमधल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दाद मागता येई, आणि तिथल्या न्यायाधीशांनी अर्धवट तपासाबद्दल खात्याला अनेकदा खडसावलंही.

नियमांच्या कडेला तर विचित्र प्रकार घडत. २००२ च्या कायद्यात कारखानाच परदेशात हलवला तरी मदत मिळेल असं ठरलं, पण कुठे हलवला यावर. मेक्सिकोला नेला तर तेवढ्यावर भागे, कारण मेक्सिकोशी मुक्त व्यापार करार होता. चीनला नेला तर ते पुरेसं नसे, तिथून तो माल अमेरिकेत परत येतोय किंवा येणार आहे हे वेगळं दाखवावं लागे. रिकाम्या शेडबाहेर उभ्या असलेल्या माणसाला या फरकाचा अर्थ काय सांगणार? २००९ मध्ये ही अट काढली, देश कुठलाही चालेल असं झालं.

आणि सॉफ्टवेअरवाले. २००२ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या प्रोग्रामरांचं काम भारतात जाऊ लागलं, त्यांनीही अर्ज केले. खात्याचं म्हणणं, कायद्यात ‘वस्तू’ बनवणारे कामगार असं लिहिलंय. प्रोग्राम सीडीवर टाकून विकला तर ती वस्तू, तोच तारेवरून पाठवला तर वस्तू नाही. हा युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही आणि २००६ मध्ये खात्यानं भूमिका बदलली. सेवा क्षेत्रातल्या कामगारांना सरळ दार उघडलं ते २००९ मध्ये, मंदीतून सावरण्यासाठी काढलेल्या मोठ्या पॅकेजबरोबर.

आता कारण विचारण्यातला अन्याय बघा. समजा एकाच रस्त्यावर दोन कारखाने आहेत. एकाच्या ऑर्डरी व्हिएतनामला गेल्या. दुसऱ्याच्या ऑर्डरी शेजारच्या राज्यातल्या, रोबो बसवलेल्या कारखान्यानं पळवल्या. दोन्हीकडची माणसं पन्नाशीची, दोघांचा अनुभव सारखा, घराचे हप्ते सारखे. पहिल्याला दोन वर्षांचं शिक्षण, त्या काळात भत्ता, नोकरी शोधायचा खर्च. दुसऱ्याला नेहमीचा बेकारी भत्ता, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे, आणि तोही जुन्या पगाराच्या साधारण निम्मा. नोकऱ्या यंत्रांमुळेही जातात, तरी कायद्याच्या दृष्टीनं परदेशी माल ही खास इजा होती. कारण उघड आहे. यंत्रांना परवानगी द्यावी की नाही यावर काँग्रेसमध्ये मतदान होत नाही, व्यापार करारांवर होतं.

मंजुरी आली, पुढे काय

३० जुलै २००३ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिस गावची पिलोटेक्स कंपनी बंद झाली. चादरी आणि टॉवेल बनवणारी, पूर्वीची कॅनन मिल्स. गावच मुळी गिरणीसाठी वसवलेलं. त्या राज्यात सुमारे ४,८०० लोकांची नोकरी एका दिवसात गेली. एका फटक्यात इतकी मोठी कपात तोवर तिथे कधी झालेली नव्हती. टीएएची मंजुरी मिळाली आणि स्थानिक कम्युनिटी कॉलेजात रांगा लागल्या.

आता त्या रांगेत कोण होतं ते पाहायला हवं. गिरणीत लागायला शिक्षण लागत नसे, त्यामुळे अनेक जण शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेले. वीस-तीस वर्षं एकाच खात्यात काढलेली. त्यांना नर्सिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, वैद्यकीय कार्यालयातलं काम असे अभ्यासक्रम समोर ठेवले गेले. पण त्याआधी हायस्कूलची समकक्ष परीक्षा द्यायची होती, त्याआधी अपूर्णांकांची गणितं पुन्हा शिकायची होती, आणि ज्यांची भाषा स्पॅनिश होती त्यांना त्याआधी इंग्रजी. प्रशिक्षणाची मुदत १०४ आठवडे, पायाभूत शिक्षणासाठी आणखी २६. घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून सुरू.

घड्याळ आणखीही एक होतं. २००२ च्या कायद्याप्रमाणे नोकरी गेल्यापासून १६ आठवडे किंवा मंजुरीपासून ८ आठवडे, यातलं जे नंतर येईल त्याच्या आत अभ्यासक्रमाला नाव घालायचं, नाहीतर भत्ता हुकला. नोकरी गेल्यानंतरचे पहिले महिने माणूस काय करतो? आधीचंच काम दुसरीकडे मिळतंय का ते बघतो. ते शहाणपणाचंच आहे. पण कायद्याची त्याच्याकडून अपेक्षा होती की त्यानं तेवढ्यात जुनं काम विसरून आयुष्याचा नवा धंदा निवडावा. २००९ मध्ये दोन्ही मुदती २६ आठवड्यांच्या केल्या, तेव्हा जरा श्वास घेण्याइतकी जागा झाली.

२०१५ च्या सुधारणेनंतर मदत साधारण अशी होती. बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत साप्ताहिक रक्कम, पण शेवटचे काही आठवडे प्रशिक्षण पूर्ण होत असेल तरच. फी, पुस्तकं, अवजारांचा खर्च. दुसऱ्या गावी मुलाखतीला जाण्याच्या खर्चाचे ९० टक्के, १,२५० डॉलरपर्यंत. बिऱ्हाड हलवायचं असेल तर त्याचीही मदत. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ७२.५ टक्के करसवलत. ही सवलत २००२ मध्ये आली तेव्हा ६५ टक्के होती आणि फार थोड्यांनी घेतली. कारण सोपं आहे: कुटुंबाच्या विम्याचा उरलेला ३५ टक्के हप्ताही बेकारी भत्त्यातून निघत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात समजूतदार वाटतो तो पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीचा वेतन विमा. नाव जड आहे, हिशेब सोपा. जुन्या नोकरीत ४४,००० डॉलर मिळत होते असं धरू. आता गोदामात काम मिळतंय, वर्षाला ३०,००० चं. तूट १४,००० ची. त्यातली निम्मी, म्हणजे ७,००० डॉलर, सरकार भरणार. दोन वर्षं, पण एकूण १०,००० च्या वर नाही, आणि नव्या नोकरीचा पगार ५०,००० पेक्षा जास्त असला तर नाही. म्हणजे या माणसाला पहिल्या वर्षी ७,००० आणि दुसऱ्या वर्षी ३,०००. पंचावन्नाव्या वर्षी कुणाला वर्गात बसवायचं नाही, कमी पगाराची का होईना नोकरी लवकर धरली तर ती सोसवेल अशी करायची, एवढाच विचार.

उपयोग झाला का?

याचं उत्तर शोधणं वाटतं त्याहून अवघड आहे. टीएए घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्या बेकारांशी केली तर टीएएवाले हमखास मागे दिसतात. पण ते मुळातच वयानं मोठे, कमी शिकलेले, आणि बुडत्या उद्योगातून आलेले. शिवाय प्रशिक्षण घेताना दोन वर्षं ते कमावत नाहीत. कामगार खात्यानंच करून घेतलेलं, २०१२ मध्ये आलेलं मोठं मूल्यमापन जमेल तितके सारखे लोक शोधून केलेलं होतं. त्यात चार वर्षांनंतरही टीएएवाल्यांची कमाई तुलनेतल्या लोकांपेक्षा कमीच निघाली. विरोधकांनी तो अहवाल बरीच वर्षं नाचवला.

मग बेंजामिन हायमन या अर्थशास्त्रज्ञानं एक हुशार वाट काढली. अर्ज वॉशिंग्टनमधल्या कुठल्या तपास अधिकाऱ्याकडे जाईल हा जवळपास नशिबाचा भाग होता. काही अधिकारी सढळ, काही कडक. काठावरचा अर्ज सढळ माणसाकडे गेला तर मंजूर, कडकाकडे गेला तर फेटाळला. म्हणजे दोन गट मिळाले, परिस्थितीनं सारखे, फरक फक्त टेबलाचा. त्यांच्या पुढच्या कमाईच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा चित्र उलटं निघालं. मंजुरी मिळालेल्यांनी दहा वर्षांत सरासरी ५०,००० डॉलर जास्त कमावले. सुरुवातीला मागे राहिले, शिकून बाहेर पडल्यावर पुढे गेले. मात्र ती आघाडी हळूहळू विरत जाते आणि दहाएक वर्षांनी उरत नाही. जे शिकलो त्यालाही जुनं व्हायला वेळ लागत नाही, असा त्याचा एक अर्थ निघतो.

वेतन विम्याचा अभ्यास तर आणखी सरळ. कपातीच्या वेळी पन्नाशी नुकतीच ओलांडलेले आणि पन्नाशीला थोडेच कमी असलेले, एवढाच फरक. हायमन, ब्रायन कोव्हॅक आणि ॲडम लीव्ह यांना दिसलं की विम्याला पात्र असलेले लवकर कामाला लागतात, पुढच्या वर्षांत एकूण जास्त कमावतात, आणि वाचलेला बेकारी भत्ता व वाढलेला कर धरला तर सरकारचे पैसे वसूल होतात. सरकारी योजनेबद्दल असं वाक्य फार वेळा लिहायला मिळत नाही.

पण मुळात ही मदत पोचली किती? इथे डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांचं काम महत्त्वाचं. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला आणि पुढच्या दशकात अमेरिकेत फर्निचर, कापड, खेळणी, इलेक्ट्रॉनिक्सचा पूर आला. २००० साली अमेरिकेत कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख नोकऱ्या होत्या, २०१० ला १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. त्यातल्या सगळ्या चीनमुळे गेल्या नाहीत, पण ज्या भागांवर चिनी मालाचा मारा जास्त झाला तिथे रोजगार जास्त पडला आणि बराच काळ पडलेलाच राहिला. या तिघांनी अशा भागांत सरकारी पैसा कुठल्या वाटेनं आला तेही पाहिलं. अपंगत्व निवृत्तिवेतन आणि सरकारी आरोग्य खर्च भरपूर वाढला होता. टीएएमधून आलेली वाढ त्यापुढे चिल्लर होती. आयातीची झळ बसलेल्यांसाठी खास काढलेली योजना बाजूला राहिली आणि गुडघेदुखीचा दाखला घेऊन लोक पेन्शनवर गेले. एकदा त्या पेन्शनवर गेलेला माणूस सहसा कामावर परतत नाही.

दार कसं बंद झालं

योजना कधीच कायमची नव्हती. काही वर्षांची मुदत, मग नूतनीकरण, आणि नूतनीकरण कुठल्या ना कुठल्या व्यापारी विधेयकाच्या शेपटाला बांधलेलं. उत्तर अमेरिकेतल्या नाफ्टा कराराबरोबर १९९३ मध्ये खास उपयोजना आली. २०११ मध्ये दक्षिण कोरिया, कोलंबिया आणि पनामा यांच्याशी करार मंजूर करताना टीएए वाढवून मिळाली. व्यापार हवा असणाऱ्यांना मतं हवी असत, मतांची किंमत टीएए असे.

१२ जून २०१५ ला हे गणित उघड्यावर आलं. ओबामांना प्रशांत महासागरी कराराच्या वाटाघाटींसाठी विशेष अधिकार हवा होता. त्यांच्याच पक्षाच्या बऱ्याच खासदारांचा त्याला विरोध. विधेयक असं बांधलं होतं की टीएए पडली तर सगळंच अडणार. तेव्हा ज्या डेमोक्रॅट पक्षानं आयुष्यभर टीएए जपली, त्याच्याच बहुतेक खासदारांनी तिच्या विरोधात मतं टाकली. ओबामा स्वतः सकाळी समजावून आले होते, उपयोग झाला नाही. १२६ विरुद्ध ३०२ नं टीएए पडली. दोन आठवड्यांत दुसऱ्या विधेयकातून ती परत आली, पण ती कुणासाठी किती प्रिय आहे हे त्या दिवशी दिसून गेलं.

पुढे नवे करार व्हायचे जवळजवळ थांबले. २०१८ पासून शुल्क वाढवणं हेच धोरण झालं आणि बायडेन सरकारनंही त्यातलं बरंचसं तसंच ठेवलं. राष्ट्राध्यक्षांचा वाटाघाटींचा विशेष अधिकार १ जुलै २०२१ ला संपला. त्याच दिवशी टीएएही जुन्या, अरुंद नियमांवर परत गेली, म्हणजे सेवा क्षेत्र पुन्हा बाहेर. वर्षभरानंतर तिची मंजुरी देण्याची ताकद संपली. डेमोक्रॅट म्हणत टीएए द्या, रिपब्लिकन म्हणत मग वाटाघाटींचा अधिकारही द्या, आणि दोन्ही राहिलं. आयात शुल्क लावलं की नोकऱ्या जाणारच नाहीत, मग मदत कशाला, असा एक सूर आहे. तो भाबडा आहे. पोलादावर शुल्क लावलं की पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांचा खर्च वाढतो आणि तिथल्या नोकऱ्या जातात. त्या कामगारांसाठी टीएए चालू असतानाही काही नव्हतं, कारण त्यांची नोकरी आयातीनं गेलेली नसते.

युरोपनं अशीच सुरुवात करून वेगळी वाट धरली. युरोपीय संघाचा जागतिकीकरण समायोजन निधी २००७ पासून चालू आहे. सुरुवातीला एक हजार कामगारांची कपात आणि जागतिक व्यापाराचं कारण, असं दोन्ही लागायचं. २०२१ पासून २०० कामगारांची कपात पुरते आणि कारण विचारत नाहीत. यंत्रं असोत, हवामान धोरण असो, मालकाचा निर्णय असो.

आज अमेरिकेत कारखाना बंद झाला तर काय उरतं? शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीनं साठ दिवस आधी सूचना द्यायची, हा १९८८ चा कायदा आहे. राज्याचा बेकारी भत्ता आहे, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात तो १२ आठवड्यांवर आलेला. २०१४ च्या कायद्याखाली रोजगार केंद्रांतून प्रशिक्षणाचे पैसे मिळू शकतात, पण ते हक्काचे नाहीत, त्या वर्षीचा निधी असेपर्यंतच. कंपन्यांना सल्ल्यासाठी मदत देणारी टीएएची धाकटी शाखा वाणिज्य खात्याकडे होती, ती कामगारांच्या योजनेबरोबर बंद झाली नाही. १ जुलै २०२२ च्या आधी मंजूर झालेल्या गटांतले, त्या तारखेआधी कमी झालेले कामगार आपलं प्रशिक्षण पुढे चालू ठेवू शकले. त्यानंतरही अर्ज येत राहिले, आणि खात्यानं ते तपास न करता तसेच ठेवून दिले, कारण त्यांच्यावर निर्णय देण्याचा अधिकारच उरलेला नव्हता.